विषय क्रमांक तेरा

असेमक्रोम जिल्हा कचेरीतला विवाह नोंदणीचा संगणक सोमवारी सकाळी सुरू झाला नाही. या घटनेची रीतसर नोंद घेणं भाग होतं. पण कचेरीतल्या सगळ्या बिघाडांची नोंद त्याच संगणकावर घ्यायची असा नियम असल्यामुळे थोडा पेच पडला. शेवटी समन्वय अधिकारी एसुमनसाहेब व्हरांड्यात येऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "संगणक बंद आहे." ज्यांनी ऐकलं त्यांनी माना डोलावल्या, आणि नोंद झाली असं धरून सगळे चहाला गेले.

मान न डोलावणारा एकच माणूस होता, एबो अर्कोफुल. हा कचेरीचा संगणक सहायक. कचेरीतला पंखा बंद पडला, कुलूप अडकलं, साहेबांच्या मोबाइलमधून बायकोचा फोटो गायब झाला, की एबोला हाक जायची. संगणकासाठी मात्र त्याला आजवर फारसं कुणी बोलावलं नव्हतं. आता बोलावलं, तेव्हा तो धावतच आला, कारण शनिवारी त्याचं लग्न होतं आणि लग्नाचा दाखला याच मेल्या संगणकातून निघायचा होता.

तसं घरच्यांच्या मते ते लग्न केव्हाच झालं होतं. एबोचे काका दारूच्या बाटल्या घेऊन मुलीच्या दारावर मागणीची रीतसर टकटक करून आले होते. मुलीच्या आत्यांनी घासाघीस करून कापडाची आणखी ठाणं उकळली होती, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या पूर्वजांची गोत्रासकट उजळणी केली होती. पण सरकार पूर्वजांना ओळखत नाही, कागदाला ओळखतं. मुलगी, म्हणजे सेनाम, असेमक्रोमच्याच सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिची बदली थेट देशाच्या उत्तर टोकाला, बोल्गातांगाला झाली होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. नवरा याच जिल्ह्यात नोकरीला आहे म्हणून लग्नाचा दाखला त्याआधी जोडला तर बदली रद्द. नाही जोडला तर नवरा समुद्रकाठी मासे खात बसणार आणि बायको तिकडे वाळवंटाच्या तोंडाशी लसी टोचत बसणार, आणि पुढची बदली कधी होईल ते देवालाही विचारून उपयोग नव्हता. लग्नाची नोटीस फळ्यावर लावून झाली होती. तिला हरकत कुणी घेतली नाही. एका शेळीनं तिचा कोपरा खाल्ला, पण ती हरकत मानायची नाही असं ठरलं. राहिला होता फक्त दाखला.

एबोनं संगणक तपासला. आजार साधा होता. आतली प्रणाली बिघडली होती, आणि संगणकाला आपण संगणक आहोत याचाच विसर पडला होता. उपायही साधा. दुसऱ्या चांगल्या संगणकावर बसायचं, एका पेनड्राइव्हवर नवी प्रणाली अशी चढवायची की आजारी संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच जागा होईल, आणि जागा झाला की ती प्रणाली त्याच्या आत बसवून टाकायची. असल्या पेनड्राइव्हला धंद्यातले लोक बूटेबल म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत उरकेल असं काम. आणि तसा एक पेनड्राइव्ह एबोच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला आयता होता.

तो घेऊन तो एसुमनसाहेबांकडे गेला.

"हा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा, साहेब."

"म्हणजे खाजगी."

"हो, पण काम सरकारी आहे ना."

"अर्कोफुल, खाजगी वस्तू सरकारी यंत्रात घालणं याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"दुरुस्ती?"

"अनधिकृत प्रवेश," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मोठे अधिकारी खिडकीबाहेर पाहतात तेव्हा निर्णय झालेला असतो. "कचेरीचा स्वतःचा पेनड्राइव्ह आहे. तो वापरा. आणि हे बघा, लोकांच्या पैशातून, लोकांच्या संगणकासाठी, लोकांच्या लग्नांकरता आपण तो तयार करतोय. तेव्हा आधी त्याचं लोकार्पण झालं पाहिजे."

"पेनड्राइव्हचं?"

"बाजारामागचं नवं शौचालय आठवतं? लोकार्पण न करता सुरू केलं. काय झालं? वरून तपासणी आली तेव्हा कागदावर शौचालयच नव्हतं. लोक आत होते आणि शौचालय नव्हतं! कसला बिकट प्रसंग ओढवला असेल, कल्पना करा."

एबोनं कल्पना केली आणि गप्प बसला. तरुण माणूस होता, साहेबांपुढे गप्प बसला की काम लवकर होतं असा त्याचा गोड गैरसमज होता.

कचेरीचा पेनड्राइव्ह भांडारात आराबा मावशींच्या ताब्यात होता. मावशींनी तो रुमालातून सोडून काढला आणि टेबलावर ठेवला, पण हात काही वर उचलला नाही.

"पुसणार आहेस म्हणे?"

"पुसावाच लागतो, मावशी. सगळं पुसल्याशिवाय त्याच्यावर प्रणाली चढत नाही."

"एई! आत बोटवेसाहेब आहेत."

एबोनं पुढे केलेला हात मागे घेतला. माजी सभापती एब्राहम बोटवे मागच्या वर्षी वारले, आणि त्यांच्या अंत्यविधीची पुस्तिका या पेनड्राइव्हवर होती. साधीसुधी पुस्तिका नव्हे. झबल्यातल्या फोटोपासून शवपेटीतल्या फोटोपर्यंत अवघं आयुष्य, प्रत्येक लेकीसुनेची आणि नातवाची श्रद्धांजली, वर सगळ्या विधीचं चित्रीकरण, आणि बँडचंही वेगळं. घराण्याचे प्रमुख एग्या ओटू यांची परवानगी हवी होती. एबो स्कॉच नाही परवडली म्हणून श्नॅप्सची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेला. एग्यांनी बाटली ठेवून घेतली आणि परवानगी नाकारली.

"वर्षाचा विधी व्हायचाय अजून," ते म्हणाले. "एकदा पुरलाय म्हाताऱ्याला आम्ही. गावजेवण घालून पुरलाय. तू आता पुसून टाकतो म्हणतोस?"

"पुसत नाही हो एग्या, दुसरीकडे नीट उतरवून ठेवतो आणि मग इथलं काढतो."

"म्हणजे इथून उकरायचा आणि दुसऱ्या खड्ड्यात टाकायचा! पोरा, तुझं शनिवारी लग्न आहे ना? असली कामं लग्नाच्या आठवड्यात करू नकोस. सुख लागणार नाही."

झालं! बोटवेसाहेब आत राहिले. आणि बोटवेसाहेब राहिले म्हटल्यावर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? मंगळवारच्या बैठकीत शेती खात्याचे साहेब उठले. लोकार्पण होणाऱ्या पेनड्राइव्हवर शेतीचं नाव नसणं हा तमाम कसाव्याचा अपमान आहे, असं त्यांनी बजावलं आणि कसाव्याच्या कंदांचे फोटो टेबलावर ठेवले. आरोग्य खात्यानं कॉलऱ्याचं भित्तिपत्रक दिलं. शिक्षण खात्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी पूर्वीच्या अशाच एका बैठकीचं चित्रीकरण दिलं, आणि ते सगळ्यांत जड निघालं. सर्व खात्यांना समान प्रतिनिधित्व मिळाल्याबद्दल टाळ्या झाल्या.

"साहेब," एबो उभा राहून म्हणाला, "पण आता प्रणालीला जागाच उरली नाही."

"किती उरली आहे?"

"निम्म्याहून कमी प्रणाली मावेल."

"मग मावेल तेवढी भरा."

"अर्धी प्रणाली चालत नाही, साहेब! आणि अशी नुसती टाकून चालत नाही, बाकीचं सगळं काढून..."

"अर्कोफुल," एसुमनसाहेब सौम्यपणे म्हणाले, "आपल्याकडचा समुद्रावर जाणारा रस्ता अर्धाच झालाय. लोक जातात की नाही समुद्रावर?"

बैठकीत हशा पिकला. एबोही हसला, कारण साहेब त्याच्याचकडे बघत होते.

त्या दिवशी दुपारी सेनाम दवाखान्यातून आली. दोघं नेहमीच्या टपरीपाशी, झाडाखालच्या बाकावर, पानात बांधलेला वाचे, म्हणजे चवळी घातलेला भात, खायला बसले. वर झणझणीत शितो चटणी आणि अंडं. सेनाम एरवी एबोच्या पानातलं अंडंही उचलायची. आज तिनं स्वतःचंही खाल्लं नाही.

"तुझ्या खिशात आहे ना तो?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग घाल जाऊन आणि मोकळा हो."

"अनधिकृत आहे गं."

"बोल्गातांगा अधिकृत आहे," सेनाम म्हणाली. "सही आहे, शिक्का आहे, हजर व्हायची तारीख आहे. मला बसमध्ये बसवायला अधिकृत येणार आहेस की अनधिकृत?"

"शुक्रवारी लोकार्पण आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होईल म्हणाले साहेब."

"साहेब म्हणाले! एबो, मला बदलीचं दुःख नाही, लसी काय कुठेही टोचता येतात. मला तू हवा आहेस, गाढवा. रोज संध्याकाळी दाराशी चपला काढणारा. फोनवरचा नवरा मला नको." असं म्हणून तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मग तेच टोक एबोच्या शितोनं माखलेल्या हनुवटीलाही लावलं. एबोचं काळीज गलबललं. पण कणा ताठ व्हायला नुसतं काळीज पुरत नाही, कचेरीत दहा वर्षं काढलेल्या माणसाचं तर नाहीच.

बुधवारी नवंच लचांड निघालं. एबोनं आपल्या टिपणात लिहिलं होतं की संगणक सुरू होताना आधी पेनड्राइव्हकडे पाहील आणि मग आतल्या डिस्ककडे, असा क्रम लावून द्यावा. हे टिपण राजशिष्टाचार अधिकारी क्रेन्त्सिल यांच्या हाती पडलं. क्रेन्त्सिलना जिल्ह्यातला प्रत्येक माणूस कोणाच्या आधी बसतो आणि कोणाच्या नंतर उठतो हे तोंडपाठ होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही घरात ज्येष्ठतेनं आंघोळ मिळायची.

"डिस्क किती वर्षांपासून सेवेत आहे?" त्यांनी विचारलं.

"संगणक आला तेव्हापासून."

"आणि पेनड्राइव्ह?"

"तो बाहेरचाच, साहेब. येतो, काम करतो, जातो."

"म्हणजे पाहुणा. पाहुण्याला घरातल्या वडीलधाऱ्याच्या आधी बोलवायचं? कोणत्या घरात वाढलात, अर्कोफुल? पाहुणा आला की त्याला बसवायचं. पाणी द्यायचं. मग घरचे वडील विचारणार, काय काम काढलंत? आणि मग त्यानं आपल्या येण्याचं कारण सांगायचं. तुमचा पेनड्राइव्ह आल्या आल्या थेट घरात घुसतोय!"

"पण वडील बेशुद्ध आहेत हो," एबो काकुळतीला येऊन म्हणाला. "ते विचारणार कसे?"

"बेशुद्ध असले म्हणून काय मान जातो?"

बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला. डिस्कला समारंभाचं अध्यक्षपद द्यायचं आणि पेनड्राइव्हला सन्माननीय पाहुण्याचं. पाहुणा आधी बोलेल, पण बसेल नंतर. डिस्क संगणकाच्या पोटात होती आणि तिला कशाचीच कल्पना नव्हती, त्यामुळे अध्यक्षांची संमती गृहीत धरण्यात आली. आपल्याकडे अध्यक्षांची संमती नेहमी अशीच घेतात.

मग कार्यक्रमपत्रिका आली, आणि इथे खरी गोची झाली.

असेमक्रोममध्ये, किंबहुना अख्ख्या देशात, कुठलाही कार्यक्रम असो, बारसं असो की पुलाचं उद्घाटन, पत्रिकेतला तेरावा विषय म्हणजे खाणंपिणं. हे कुणी ठरवलं ते विचारू नका, ठरलेलं आहे. लोक पत्रिका हातात आली की आधी तळाकडे पाहतात. भाषण लांबलं की मागून कुणीतरी ओरडतं, "तेरावा कधी?" क्रेन्त्सिलनी पत्रिका तयार केली. आगमन, पाद्रींची प्रार्थना, इमामसाहेबांची प्रार्थना, पूर्वजांना तर्पण, परिचय, अध्यक्षांचं मनोगत, बँड, पाहुण्यांना पाणी, पाहुण्यांना येण्याचं कारण विचारणं, प्रमुख अतिथींचं भाषण, फलकाचं अनावरण, आभार. झाले बारा. तेरावा: मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, आणि गार माल्टचं पेय.

एबोनं पत्रिका दोनदा वाचली. "साहेब, पेनड्राइव्ह संगणकाला लावायचा कुठे आहे यात?"

क्रेन्त्सिलनी पत्रिका हातात घेतली. एसुमनसाहेबांनी चष्मा लावला. खरंच, कुठेच नव्हता.

"घाला की मग एक विषय," एसुमनसाहेब म्हणाले.

"घालतो, साहेब," क्रेन्त्सिल म्हणाले, "पण मग मीट पाय चौदावा होईल."

एसुमनसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. तेरावा विषय म्हणून पेनड्राइव्ह लावला, तर लोक ताटल्या घेऊन उठतील आणि समोर येईल काय तर एक संगणक. दंगल होईल. मग काहीतरी काढावं म्हटलं, तर पाद्री काढता येत नाहीत, इमामसाहेब काढता येत नाहीत, पूर्वज तर मुळीच काढता येत नाहीत. अतिथींचं भाषण काढलं तर अतिथी येणार नाहीत, आणि पाणी काढलं तर क्रेन्त्सिलच राजीनामा देणार. शेवटी सर्वानुमते असं ठरलं की पेनड्राइव्ह संगणकाला लावणं ही एक तांत्रिक बाब असून ती कार्यक्रमानंतर कोणीतरी सवडीनं करावी.

शुक्रवारी कचेरीच्या आवारात मांडव पडला. प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या, बँड आला. मंचावर जांभळ्या मखमलीच्या उशीवर हार घालून पेनड्राइव्ह ठेवला होता, आणि शेजारी खोलीतून उचलून आणलेलं संगणकाचं रिकामं खोकं, अध्यक्ष म्हणून. संगणक स्वतः खोलीतच राहिला, कारण त्याच्या तारा पुरल्या नाहीत. सेनाम दवाखान्याच्या गणवेशात शेवटच्या रांगेत बसली होती, हाताची घडी घालून.

पाहुण्याला पाणी दिलं गेलं. पेनड्राइव्हपुढे काचेचा पेला भरून ठेवला, आणि गावच्या पारंपरिक राजाच्या प्रवक्त्यानं काठी टेकून भारदस्त आवाजात विचारलं, "पाहुणे, इथे सगळं क्षेम आहे. आपलं येणं का झालं?"

पेनड्राइव्ह काही बोलला नाही. सगळ्यांनी एबोकडे पाहिलं. पाहुण्याच्या वतीनं कुणीतरी बोलावंच लागतं, आणि आणणारा तोच.

"आम्ही... आम्ही वाईट बातमी घेऊन आलो नाही," एबो उठून रीतीप्रमाणे म्हणाला. "आम्ही प्रणाली घेऊन आलोय." मग प्रामाणिक स्वभाव आडवा आला. "अर्धी."

"शुभ असो!" प्रवक्ते म्हणाले, आणि त्यांनी तर्पणातून उरलेली श्नॅप्सही धरणीवर ओतली. वारा समुद्राकडून होता, थोडी पाहुण्यावरही उडाली. ती एग्या ओटूंनी परत केलेली एबोचीच बाटली होती, निम्मी संपलेली.

प्रमुख अतिथी प्रांताच्या मुख्यालयातून आले होते. उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. त्यांना त्याच दिवशी पलीकडच्या गावात बोअरवेलचं उद्घाटन करायचं होतं, आणि दोन वेगळी भाषणं लिहायला त्यांच्या माणसाला फुरसत मिळाली नव्हती. "या पेनड्राइव्हमुळे," ते कडाडले, "आता आपल्या आयाबहिणींची पायपीट थांबेल! या पेनड्राइव्हमुळे पोटाचे विकार कमी होतील! माझी गावकऱ्यांना एकच विनंती आहे, की याच्याजवळ गुरं बांधू नका, आणि मुलांना यात दगड टाकू देऊ नका!" टाळ्यांचा कडकडाट झाला. एक म्हातारी उठून नाचली.

गुरं बांधू नका म्हटल्यावर एबो जागचा उठला. का उठला ते त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. कदाचित म्हातारी नाचताना मध्ये आली आणि तिच्यापलीकडे त्याला सेनाम दिसली. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. ती मान खाली घालून बसचं वेळापत्रक बघत होती. एबो मांडवाच्या कडेकडेनं सटकला, नोंदणीच्या खोलीत शिरला, आणि किल्ल्यांच्या जुडग्यातला आपला खाजगी, अनधिकृत, कुणीही पाणी न विचारलेला पेनड्राइव्ह त्यानं संगणकात खुपसला.

बाहेर भाषण चाललं, फलक उघडला, आभार सुरू झाले. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी बँडमधल्या प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे आभार मानले, आणि तोवर आत संगणक जागा झाला. प्रणाली बसली. नोंदणीची माहिती जिथल्या तिथे होती. एबोनं दाखला छापला, गरम गरम कागद छातीशी धरला आणि धावत बाहेर आला.

एसुमनसाहेब तेव्हा मांडवात उभे राहून मीट पायच्या झाकलेल्या टोपल्यांकडे पाहत होते.

"साहेब, सही!"

"कशावर?"

"दाखल्यावर. संगणक सुरू झाला, साहेब!"

"वा, वा! लोकार्पणाचा गुण बघा. पण..." साहेबांची नजर मंचावर गेली. उशीवर पेनड्राइव्ह तसाच, दारूनं भिजलेला, हारासकट. "हा तर इथेच आहे."

एबोनं जुडगा वर केला. साहेबांचा चेहरा पडला.

"अर्कोफुल, काय केलंत हे! कागदोपत्री संगणक बंद आहे. तो सुरू होईल लोकार्पित पेनड्राइव्हनं. त्याआधी तो सुरू झाला तर तो सुरू झालेला नाही. बंद संगणकातून निघालेल्या दाखल्यावर मी सही कशी करू?"

"मग माझ्या पेनड्राइव्हचंही करा लोकार्पण!"

"आता? अहो, तेरावा विषय आला. तेराव्यानंतर कोण थांबतं? पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात माझी बायको बोल्गातांगात असेल!" एबो किंचाळला. आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबांवर किंचाळला होता. पण बँड वाजत होता, त्यामुळे ती गोष्ट इतिहासात गेली नाही.

ती ऐकली फक्त सेनामनं. ती शांतपणे उठली, सरळ टोपल्यांपाशी गेली आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिली. तिच्यामागे आरोग्य खात्याचं कॉलऱ्याचं भित्तिपत्रक लटकत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हे मीट पाय तपासलेत कुणी?"

रांग थबकली. आराबा मावशींच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"सार्वजनिक कार्यक्रमातलं अन्न आरोग्य खात्यानं तपासल्याशिवाय वाटता येत नाही," सेनाम गंभीरपणे म्हणाली. "मी खात्याची नर्स आहे. सोमवारपर्यंत मीच. तपासायचे म्हणजे प्रत्येक टोपलीतला नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेला पाठवायचा, उत्तराची वाट बघायची. घाई करून चालत नाही. नियम आहे ना, साहेब?"

"आहे, पण..." एसुमनसाहेबांनी टोपल्यांकडे पाहिलं.

"आणि उत्तर येईल तेव्हा मी उत्तरेत असेन. मग नवी नर्स येईल, ती कधी येईल देव जाणे. मी इथेच राहिले असते, तर नुसत्या वासावरून सांगितलं असतं, की चांगले आहेत."

लोकांना दोन मिनिटं कळलं नाही. मग मागून एका दणकट आवाजात कुणीतरी ओरडलं, "ओ साहेब, त्या पोरीचं काय आहे ते सही करा ना!" मग सगळा मांडव ओरडू लागला. पाद्री ओरडले, इमामसाहेब ओरडले. एग्या ओटू काठी आपटून म्हणाले, की बोटवेसाहेब असते तर त्यांनी केव्हाच सही केली असती. क्रेन्त्सिलनी लगबगीनं आपलं पेन साहेबांच्या हातात दिलं. सही करताना कोण आधी, कोण नंतर, याची त्यांनी त्या दिवशी पर्वा केली नाही. साक्षीदार म्हणून प्रमुख अतिथींनी सही ठोकली. त्यांना बोअरवेलला जायचं होतं आणि उपाशी जायचं नव्हतं.

सेनामनं दाखला वाचला, घडी करून गणवेशाच्या आत ठेवला, झाकण उचललं आणि हुंगलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. मग ती एबोच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. ते फारसं कुणी पाहिलं नाही, कारण रांग टोपल्यांकडे होती.

अहवालात लिहिलं गेलं की लोकार्पित पेनड्राइव्हमुळे संगणक कार्यान्वित झाला. तो पेनड्राइव्ह आता कचेरीच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत आहे. शेजारच्या जिल्ह्यांतून अभ्यासगट येतात, पेटीपुढे उभे राहून फोटो काढतात. आत बोटवेसाहेब आहेत, कसावा आहे, कॉलरा आहे आणि अर्धी प्रणाली आहे. तो संगणकाला लावून पाहावा असं अजून कुणालाही सुचलेलं नाही.

शनिवारी लग्न होतंच. एबोनं ठरवलं होतं, अगदी साधं करायचं. नोंदणी झाली, दाखला हातात आहे, आता कशाला नाटकं? पण सेनामच्या आत्या म्हणाल्या, अध्यक्षांशिवाय लग्न शोभतं का? एबोचे काका म्हणाले, तर्पण हवं. पाद्री होतेच, इमामसाहेब आदल्या दिवशीच्या मीट पायला जागून स्वतःहून आले. मग एबो पत्रिका लिहायला बसला. आगमन, दोन प्रार्थना, तर्पण, परिचय, अध्यक्षांचं मनोगत, बँड, पाहुण्यांना पाणी, येण्याचं कारण विचारणं, आत्यांचं गाणं, काकांचं भाषण, आभार. झाले बारा. तेरावा: जोलोफ भात, कोंबडी आणि माल्ट.

त्यानं पत्रिका पुन्हा वाचली. वधूवरांनी एकमेकांना वचन द्यायचं, ते कुठेच नव्हतं. पेन हातात धरून तो बराच वेळ बसला. मग त्यानं मांडवात डोकावून पाहिलं. लोक येऊन बसले होते आणि पत्रिका हातात यायच्या आधीच विचारत होते, "तेरावा कधी?" एबोनं पेन खिशात घातलं आणि पत्रिका तशीच छापायला दिली. वचन त्यानं सेनामला स्वयंपाकघराच्या मागे, कोंबडीच्या पातेल्यापाशी उभं राहून दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढंच?"

लोक मनसोक्त जेवून गेले, आणि असं लग्न असेमक्रोमनं कधी पाहिलं नव्हतं, असं म्हणत गेले. तुम्ही हसताय, हसा. तुम्ही परवा ज्या लग्नाला गेला होतात, तिथे जेवायला काय काय होतं ते तुम्हाला चटणीसकट आठवतंय. आता नवरीचं नाव सांगा पाहू.